सिकलसेलचं दिव्यांग सर्टिफिकेट: न दिसणारं दुखणं कागदावर कसं आणायचं

माझ्या लहान भावाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, डबल एस, म्हणजे नुसता वाहक नाही तर स्वतः रुग्ण, लाल कार्डवाला. आम्ही उत्तर नागपुरात राहतो, आमच्या वस्तीत सिकलसेलची आणि वाहक असलेली घरं भरपूर आहेत. भावाचं दिव्यांग सर्टिफिकेट काढायला आम्हाला दोन वेळा बोर्डासमोर, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर, जावं लागलं, पहिल्यांदा काम बिघडलं, दुसऱ्यांदा झालं, आणि तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करतात की ताई तुम्ही कसं केलं जी, आम्हालाही सांगा. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं म्हणून सगळं इथे लिहून ठेवते.

आधी मुख्य गोष्ट, मग बाकी फॉर्म-बिर्म. सिकलसेल आहे हे सिद्ध करणं अवघड नाही, रक्ताचा एक रिपोर्ट पुरतो. अवघड आहे ते त्रास किती आहे हे दाखवणं, कारण अपंगत्वाचे टक्के त्रासावर ठरतात आणि आपला त्रास काही बोर्डाच्या तारखेला हजर राहत नाही. परवा रात्री पोरगा गुडघे पोटाशी घेऊन रडत होता आणि आज तोच पोरगा स्वतःच्या पायाने चालत टेबलासमोर जाऊन उभा राहतो. डॉक्टरांना आजचा पोरगा दिसतो. परवाची रात्र त्यांच्यासमोर कागदानेच जाऊ शकते. त्यामुळे सर्टिफिकेटचं काम फॉर्म भरायच्या दिवशी सुरू होत नाही, त्याच्या सहा महिने, वर्षभर आधी सुरू होतं, घरी, एका वहीत.

पहिल्या वेळी आमचं काय चुकलं

तेव्हा भाऊ २१ वर्षांचा होता. माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी, त्यात एचपीएलसीचा, म्हणजे सिकलसेल दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट, लाल कार्ड, आधार आणि ओपीडीच्या दोन जुन्या चिठ्ठ्या, झालं. त्या दिवशी त्याला बरं होतं, आणि आईने सांगितलं होतं की मोठ्या डॉक्टरांसमोर जायचं आहे तर नीट जा, म्हणून तो केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. आत डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो? तो म्हणाला, "आता नाही होत सर, कधीकधी हातपाय दुखतात." किती वेळा ॲडमिट झालास? "झालो होतो सर, दोन-तीनदा." बस. पाच मिनिटंही झाली नाहीत.

खरं म्हणजे त्या वर्षात त्याला अकरा वेळा क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा मोठा झटका, आला होता, मी नंतर घरी बसून आईसोबत एकेक आठवून मोजले. अकरापैकी नऊ वेळा आम्ही घरीच निभावलं होतं, गरम पाण्याची पिशवी, पाणी पाज, गोळी दे, आई रात्रभर पाय चोळत बसलेली. त्या नऊ रात्रींचा कुठेही एक कागद नव्हता. सर्टिफिकेट आलं २५ टक्क्यांचं. ४० च्या खाली दिव्यांग ओळखपत्राचं पांढरं कार्ड भेटतं, आणि आम्ही ज्याच्यासाठी धावून राहिलो होतो त्यातलं बहुतेक सगळं ४० पासून सुरू होतं.

मला त्या डॉक्टरांचा फार राग आला होता. "दिसायला तर धडधाकट आहे पोरगा," हे वाक्य भावासमोर बोलले ते. तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "ताई, मी नाटक करतो असं वाटलं का त्यांना?" हे असं बोलणं चुकीचंच आहे, अजूनही मला तसंच वाटतं. पण त्यांना दुसरं काही दिसेल असं आमच्या पिशवीतही काही नव्हतं, हेही खरं.

वही

दोनशे पानी वही घ्या, शाळेची असते ती. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं पण वही डॉक्टरांच्या हातात देता येते, आणि वर्षभर वापरलेली वही पाहिली की समोरच्याला कळतं की ही काल रात्री बसून लिहिलेली नाही. आमच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

"१४ जानेवारी २०२५, मंगळवार, संक्रांत. रात्री २ वाजता डाव्या मांडीत आणि कमरेत सुरू. २.२० ला गोळी दिली. ४ ला उलटी. ताप नाही. सकाळी ९ ला ओपीडी, इंजेक्शन आणि सलाइन, चिठ्ठी मागच्या पानावर चिकटवली. संध्याकाळी ६ ला घरी. १५, १६ कामावर गेला नाही. १७ ला गेला, दुपारी परत आला. संडासला जायला भिंत धरावी लागली."

एवढंच लिहायचं. तारीख, वेळ, कुठे दुखलं, काय औषध, किती तास चाललं, कामाचे किती दिवस गेले, आणि शेवटी एक गोष्ट जी त्या दिवशी स्वतःच्या हाताने करता आली नाही. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "खूप दुखलं" हे सगळेच म्हणतात, पण भिंत धरावी लागली, शर्टाची बटणं आईने लावली, जिना बसून बसून उतरला, हे वाचलं की डॉक्टरांना चालणं, उठणं, हात वापरणं किती अडलं ते कळतं. वाढवून काही लिहू नका, एक अक्षरही नको. बरे दिवस गेले तर "या महिन्यात काही नाही" असंही लिहा, त्याने वही खरी वाटते कारण ती खरी असते.

नागपूरवाल्यांनी हवामानही लिहावं. डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि एप्रिल-मेचं ऊन, दोन्हीत आमच्याकडे क्रायसिस वाढतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, ताप-इन्फेक्शन झालं, जास्त मेहनत झाली की पेशी वाकड्या होऊन बारीक नसांमध्ये अडकतात, दुखणं तिथून येतं. भाऊ मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात आहे, दुकानाला पत्र्याचं छत, मे महिन्यात तो जवळपास अर्धा महिना घरीच होता. हे वहीत होतं म्हणून सांगता आलं.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

वही आपली झाली, पण नुसत्या वहीवर कोणी टक्के देत नाही. तिच्या जोडीला सरकारी कागद पाहिजे. म्हणून ज्या क्रायसिसला घरी निभावता येतं त्यालासुद्धा, उठता येईल तेव्हा, दुसऱ्या दिवशी का होईना, ओपीडीत दाखवून या. मेडिकल असो, मेयो असो, डागा असो, एम्स असो, कामठी रोडचं आंबेडकर हॉस्पिटल असो, जिथे तुमचं नेहमीचं आहे तिथेच जा, दर वेळी वेगळीकडे गेलं की फाइल तुटते. (छातीत दुखणं, दम लागणं, जास्त ताप, एका बाजूला हातपाय लुळे पडणं, बोलताना जीभ अडखळणं, लहान पोरांचं पोट डावीकडे एकदम फुगणं, यातलं काही असेल तर दुसरा दिवस वगैरे काही नाही, लगेच कॅज्युअल्टी.)

चिठ्ठीवर "अंगदुखी" किंवा "अशक्तपणा" लिहिलेलं असेल तर प्रेमाने सांगा की सर, याला डबल एस आहे, सिकलसेल क्रायसिस असं लिहून द्याल का. गर्दीत त्यांचंही लक्ष नसतं, मुद्दाम कोणी करत नाही, सांगितलं की लिहून देतात. आमच्या जुन्या चिठ्ठ्यांमध्ये सहा ठिकाणी फक्त "अंगदुखी" आहे, त्या सहाही चिठ्ठ्या बोर्डासाठी नसल्यासारख्याच. डिस्चार्ज कार्ड कधीही हरवू देऊ नका. रक्त चढवलं असेल तर रक्तपेढीची चिठ्ठी ठेवा, वर्षात किती पिशव्या लागल्या हे तिथूनच मोजलं जातं. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असेल तर कधीपासून, किती डोस, हे लिहिलेला कागद पाहिजे.

मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एक समरी मागा, एक पानाची. त्यात आजार कधी कळला, गेल्या वर्षात किती क्रायसिस, किती वेळा ॲडमिट, किती पिशव्या रक्त, काय औषध, आणि शरीरात कुठे कुठे परिणाम झाला, एवढं. आम्ही वहीतून आकडे काढून एका कागदावर लिहून नेले आणि मॅडमना म्हटलं हे तुमच्या फाइलशी जुळवून घ्या, त्यांनी जुळवलं, दोन आकडे कमी केले कारण त्यांच्याकडे नोंद नव्हती, आणि सही-शिक्का करून दिलं. कमी केले तर केले, वाद घालू नका, सहीचा कागद मोठा.

कामाच्या ठिकाणची किंवा शाळा-कॉलेजची हजेरीही मागून घ्या. दुकानाच्या मालकांनी आम्हाला बिलबुकाच्या कागदावर लिहून दिलं होतं की वर्षात ६१ दिवस आजारपणाने गैरहजर, खाली सही-शिक्का. बोर्ड ते पाहीलच असं नाही, पण फाइलमध्ये असावं.

रिपोर्ट, आणि खुबा

आजाराच्या पुराव्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट लागतो. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे शिबिरात बोट टोचून करतात ती, पुरत नाही, तिच्यात वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत. रिपोर्ट हरवला असेल आणि पुन्हा करायचा असेल तर रक्त चढवून तीन महिने झाल्यावर करा, नाहीतर दुसऱ्याच्या रक्ताने रिपोर्टमध्ये घोळ होतो. वाहकांना, म्हणजे एएस, पिवळं कार्ड, हे सर्टिफिकेट नाही भेटत. कायद्याने तो आजार धरलेलाच नाही, त्यासाठी चकरा मारू नका.

आता खुब्याचं, आणि हे मी सगळ्यांना हात धरून सांगते. आपल्या पोरांना चालताना मांडी, जांघ, खुबा दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, लंगडत असतील, आणि दुखणं क्रायसिस गेल्यावरही राहत असेल, तर ते "सिकलसेलचंच आहे" म्हणून सोडू नका. रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड आतून झिजतं, त्याला एव्हीएन म्हणतात, सिकलसेलमध्ये होतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. भावाचे दोन एक्स-रे नॉर्मल आले होते आणि दोन्ही वेळा आम्हाला घरी पाठवलं. तिसऱ्या डॉक्टरांनी त्याला नुसतं जमिनीवर मांडी घालून बसायला सांगितलं, डावा गुडघा खाली टेकेचना, हातभर वर राहिला. त्यांनी तिथल्या तिथे एमआरआय लिहिला. डाव्या खुब्यात एव्हीएन निघाला, दुसरी स्टेज.

इथे आमचं सर्टिफिकेट बदललं. कारण खुब्याचं अपंगत्व हाडांचे डॉक्टर वेगळं मोजतात आणि मग दोन्ही एकत्र करतात. सरळ बेरीज होत नाही. सरकारी गाइडलाइन्समधलं सूत्र असं आहे की मोठा आकडा ९० मधून वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. भावाला सिकलसेलचे ३० आणि खुब्याचे २४ दिले होते. ९० मधून ३० गेले, ६०. ६० गुणिले २४, भागिले ९०, झाले १६. तीसात मिळवले, ४६. तसंच डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम असेल, स्ट्रोक होऊन गेला असेल, तर त्या त्या विभागाचे कागद जोडा आणि फॉर्ममध्ये तो प्रकारही टाका. एकच प्रकार टाकला तर बोर्ड तेवढाच मोजेल.

फॉर्म

फॉर्म ऑनलाइन, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. पैसे लागत नाहीत. हॉस्पिटलच्या गेटजवळ "लवकर करून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांना एक रुपया देऊ नका आणि आधारची झेरॉक्स तर मुळीच नको. आधार, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही स्कॅन केलेली, आणि वैद्यकीय कागद. अपंगत्वाच्या प्रकारात सिकलसेल डिसीज असं वेगळं नाव आहे, तेच निवडा. हे नाव यादीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आलं, जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता २१ आहेत, आणि सिकलसेलसोबत थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया पण आहेत. कोणी टेबलावर म्हणालं की "सिकलसेलला सर्टिफिकेट नसतं" तर शांतपणे एवढंच सांगा की २०१६ चा कायदा, रक्ताचे आजार.

आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि हॉस्पिटलच्या कागदांवरचं नाव एकदा जुळवून पहा. आमच्याकडे एका डिस्चार्ज कार्डवर वडिलांचं नाव आधी आणि भावाचं नंतर होतं, तेवढ्यावरून तो कागद बाजूला ठेवला गेला. हॉस्पिटल निवडताना आपल्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार सुरू आहे ते निवडता येतं, उपचाराचंच घ्या, फाइल तिथेच असते. फॉर्म भरला की एनरोलमेंट नंबर येतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नियमाने तीन महिन्यांत निर्णय व्हायला पाहिजे. तारीख आलीच नाही तर तो नंबर घेऊन हॉस्पिटलच्या दिव्यांग कक्षात जा, लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी विचारून आलो याला काही अर्थ नाही, हे मी चार चकरांनंतर शिकले.

बोर्डाचा दिवस

सगळ्या कागदांचे दोन सेट झेरॉक्स आदल्या दिवशीच काढा, सकाळी आठला गेटसमोरची दुकानं उघडलेली नसतात. मूळ कागद वेगळ्या फाइलमध्ये, तारखेप्रमाणे, सगळ्यात वर डॉक्टरांची समरी. पाण्याच्या दोन बाटल्या, डबा, गोळ्या, आणि थंडी असेल तर कानटोपी-स्वेटर. रांगेत तीन-चार तास जातात आणि तहानेने तिथेच क्रायसिस आलेली एक मुलगी मी पाहिली आहे, तिच्या आईजवळ पाणी पण नव्हतं. आईला रांगेत ठेवा आणि पेशंटला सावलीत बसवा, लोक समजून घेतात.

आत काय बोलायचं ते घरी एकदा बोलून पहा. आपल्या पोरांना सवय झालेली असते "बरं आहे" म्हणायची, लहानपणापासून पाहुण्यांना, शिक्षकांना, मालकाला तेच सांगत आलेली असतात. मी भावाला एवढंच सांगितलं की तुला आज कसं वाटतं हे विचारलं तर आजचं सांग, आणि मग स्वतःहून पुढचं वाक्य बोल, "पण सर, गेल्या बारा महिन्यांत माझे ६१ दिवस गेले, चार वेळा ॲडमिट होतो." आकडा आधी, मग दुखणं. आणि जे करता येत नाही ते लाज न बाळगता सांगायचं, संडासचं, आंघोळीचं, सगळं. दुसऱ्या वेळी तो घरच्या साध्या कपड्यात गेला, वही त्याने स्वतः डॉक्टरांच्या समोर ठेवली. डॉक्टरांनी चार-पाच पानं उलटली, एका पानावर थांबले आणि विचारलं, "ही बटणं आईने लावली म्हणजे, हातही दुखतात का?" मग त्याने सांगितलं, दहा मिनिटं बोलत होता. पहिल्या वेळी हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

लंगडल्याचं नाटक, जास्त कण्हणं, असलं काही करू नका. एक तर ते लगेच कळतं, आणि दुसरं म्हणजे तुमच्या मागे जो खरा पेशंट उभा आहे त्याच्याकडेही मग संशयाने पाहतात.

सर्टिफिकेटने काय भेटतं, काय नाही

४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. हे युडीआयडीचे, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचे रंग आहेत, सिकलसेलच्या लाल-पिवळ्या कार्डासोबत गल्लत करू नका, आमच्या शेजारच्या काकूंनी वाहकाचं पिवळं कार्ड घेऊन तहसीलमध्ये दोन चकरा मारल्या.

गरीब घरासाठी सगळ्यात उपयोगाची संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगांसाठी महिन्याचे १,५०० होते ते २०२५ मध्ये २,५०० केले. दिव्यांगांना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, वय १८ ते ६५, आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे. या योजनेच्या यादीत सिकलसेलग्रस्त असाही उल्लेख आहे, त्यामुळे टक्के कमी आले तरी तहसीलमधल्या संजय गांधी कक्षात लाल कार्ड आणि रिपोर्ट घेऊन विचारा, परत फिरू नका. उत्पन्नाचा दाखला सेतूतून आधी काढून ठेवा आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही ते तपासा, पैसे अडतात ते बहुतेक इथेच. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरला की पैसे बंद.

साध्या एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट नाही. रेल्वेत उपचाराला किंवा तपासणीला जाताना स्लीपर, चेअर कार, थर्ड आणि सेकंड एसीला ५० टक्के सूट आहे, हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. दहावी-बारावीच्या पेपरला तासामागे २० मिनिटं जास्त भेटतात, शाळेला परीक्षेच्या खूप आधी सांगा, जानेवारीत नाही. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांमध्ये ४० टक्के आणि वर असलेल्यांना ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षं सूट आहे. आपल्या बऱ्याच हुशार पोरांना हे माहीतच नसतं आणि ती ओपनच्या लिस्टमध्ये नाव शोधत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नोकरीचं मात्र आधीच ऐकून घ्या. सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं ४ टक्के आरक्षण सिकलसेलला नाही. कायद्याच्या ३४ कलमात जे प्रकार दिले आहेत त्यात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. माझ्या मते हा अन्याय आहे, शिक्षणात जागा द्यायची आणि शिकून बाहेर पडल्यावर हात वर करायचे. ज्यांच्या खुब्याचं किंवा हाडांचं स्वतःचं अपंगत्व ४० च्या वर आहे त्यांना त्या गटातून अर्ज करता येतो, म्हणूनही ते वेगळं मोजून घेणं गरजेचं आहे.

ज्यांचा आजार वेगळाच आहे, संधिवात, लुपस, पाठीच्या मणक्याचा स्पॉन्डिलायटिस, त्यांना यादीत आजाराचं नाव सापडणार नाही. पण सांधे वाकत नसतील, चालणं कमी झालं असेल तर चलनवलनाच्या प्रकारात तपासणी मागता येते, तिथे आजाराचं नाव नाही, सांधा किती हलतो आणि ताकद किती आहे ते मोजतात. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स यादीत नावाने आहेत. वही त्यांनाही तेवढीच कामाची.

टक्के कमी आले तर

आधी सर्टिफिकेटवर कोणते प्रकार मोजले ते पहा. काही सुटलं असेल तर नवीन रिपोर्ट जोडून पुन्हा तपासणी मागा, आम्ही हेच केलं. सगळं देऊनही कमी आले किंवा नाकारलं तर कायद्याच्या ५९ कलमाखाली अपील आहे. नाकारल्याचं कारण लेखी मागा, ते द्यावंच लागतं, त्याच्याशिवाय अपीलात लिहिणार काय. अर्ज लिहायला कोणी नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील फुकट भेटतो, उत्पन्न कितीही असो. वस्तीतल्या लोकांना कोर्ट म्हटलं की भीती वाटते, मलाही वाटली होती, पण तिथे एक ताई बसल्या होत्या, त्यांनी चहा मागवला आणि आमचा अर्ज स्वतः वाचून दुरुस्त करून दिला.

आणि सर्टिफिकेट हातात आलं की खाली मुदत पहा. सिकलसेलचं बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं येतं, कायमचं नाही. भावाच्या सर्टिफिकेटची तारीख मी कॅलेंडरवर सहा महिने आधीच्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, कारण तेव्हा पुन्हा गेल्या वर्षाचेच कागद मागतील. वही सुरूच आहे. आता तो स्वतः लिहितो, परवाची नोंद माझ्यासमोरच लिहिली, "उजवा खांदा, रात्री ११ ते ३, गोळी एक, सकाळी दुकानात गेलो."